‘दोनशे रुपयांचं क्वार्ट्झ बरं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

हॅमिल्टन ९९२ या जुन्या अमेरिकन रेल्वे-घड्याळावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, की दोनशे रुपयांचं क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं साधं घड्याळ, याहून बरोबर चालतं, तेव्हा शंभर वर्षांपूर्वीच्या खिशातल्या घड्याळाला ‘अचूक’ म्हणणं ही वाचकांची दिशाभूल आहे, आणि हा सगळा पैसेवाल्यांचा शौक आहे.

पहिल्या मुद्द्यातला आकडा तुमचा बरोबर आहे, आणि लेखात मी तो द्यायला हवा होता. साधं क्वार्ट्झ महिन्याला साधारण १५ सेकंद इकडेतिकडे होतं. अमेरिकन रेल्वेची अट होती, की कर्मचाऱ्याचं घड्याळ आठवड्याला ३० सेकंदांहून जास्त चुकू नये. तरीही ‘अचूक’ हा शब्द मी मागे घेणार नाही. आठवड्याचे सेकंद होतात ६,०४,८००. त्यात ३० सेकंदांची चूक म्हणजे वीस हजारांत एक. आणि हे साधायचं ते रोज किल्ली दिलेल्या स्प्रिंगवर, इंजिनाच्या हादऱ्यांत, भट्टीसमोरच्या उकाड्यात आणि बर्फात.

ते कसं साधलं, हे बघायला मागचं झाकण फिरवून काढावं लागतं. बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलत वेळ मोजणारं चाक, सेकंदाला पाच ठोके देत असतं. त्याची कड अखंड नाही, दोन ठिकाणी कापलेली आहे. बाहेर पितळ, आत पोलाद. उष्णतेनं हेअरस्प्रिंग, म्हणजे त्या चाकाला झुलवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, मऊ पडते, घड्याळ मागे पडायला लागतं. पण पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, म्हणून कडेची मोकळी टोकं आत वळतात, चाकाचा घेर आवळतो आणि मागे पडणं भरून निघतं. हे किती भरून निघावं, ते कडेवरच्या बारीक स्क्रूंवर ठरतं. स्क्रू कापाच्या टोकाकडे सरकवला की परिणाम वाढतो. कारागीर एक स्क्रू हलवायचा, घड्याळ पुन्हा थंडीत ठेवायचा, उष्णतेत ठेवायचा, नोंद करायचा. मग तबकडी वर, तबकडी खाली, मुकुट (किल्ली द्यायची गोल कळ) वर, डावीकडे, उजवीकडे, अशा पाच स्थितींत तेच. क्वार्ट्झमध्ये हे काम स्फटिक करतो. इथे ते एका माणसानं एका घड्याळासाठी बसून केलंय. मी जमवतो ते हे काम.

आता ‘पैसेवाल्यांचा शौक’. ही घड्याळं रेल्वेच्या ड्रायव्हर-गार्डची. बहुतेकांना ती पदरच्या पैशांनी घ्यावी लागत, अनेकांनी हप्त्यांवर घेतली. म्हणून त्यांत नक्षी नाही. ठसठशीत आकडे, उघडी तबकडी, मुकुट बाराच्या डोक्यावर. काटे लावायला आधी पुढची काच फिरवून काढायची आणि कडेची चिमुकली पट्टी बाहेर ओढायची, म्हणजे किल्ली देताना चुकून वेळ हलायला नको. पहिल्यांदा ती पट्टी नखानं ओढली, तेव्हा हे कुणाच्या जिवाच्या काळजीनं केलंय ते मला कळलं.

किप्टनच्या अपघाताबद्दलही तुम्ही टोकलंय, तेही मान्य. १८९१ साली ओहायोत दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि त्यातून वेब बॉल या घड्याळजींकडे घड्याळतपासणीचं काम आलं, इतकं पक्कं. पण ‘त्यापूर्वी नियमच नव्हते’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. काही रेल्वे कंपन्या आधीपासून घड्याळं तपासत होत्या. लेखात दुरुस्ती केली आहे.

शेवटी तुम्ही लिहिलंय, की आजोबांचं असंच एक घड्याळ तुमच्या कपाटात ‘मेलेलं’ पडलंय. एक विनंती: चालतंय का बघायला त्याला किल्ली देऊ नका. जुनं तेल वाळून चिकट झालेलं असतं, आणि तशात ते चाललंच तर चाकांचे बारीक आस झिजतात. आधी खिशातली घड्याळं उघडण्याचा हात असलेल्या घड्याळजींकडून ते सुटं करून साफ करून घ्या. तबकडी चकचकीत करून देतो म्हणाले तर नको म्हणा. आणि झाकण उघडल्यावर आतल्या प्लेटवर नंबर कोरलेला दिसेल, त्याचा फोटो काढून ठेवा. अमेरिकन घड्याळ असेल तर त्या नंबरावरून ते साधारण कोणत्या साली बनलं ते बहुतेक वेळा सापडतं. मला पाठवलात तर मी शोधून देईन.