‘एवढं मोठं धूड कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शेवरोलेच्या 454 क्यूबिक इंची ‘बिग-ब्लॉक’ या मोठ्या व्ही-8 इंजिनाचं 496 क्यूबिक इंची (साधारण 8 लिटर) कसं करतात, या माझ्या लेखावर तुम्ही सणसणीत प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : टोयोटाचं 3 लिटरचं 2जेझेड इंजिन टर्बोवर हजार हॉर्सपॉवर देतं, मग 8 लिटरचं धूड कशाला? मोठी इंजिनं टिकत असती तर टॉप फ्युएलवाले (ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीचा, सर्वात वेगवान वर्ग) प्रत्येक रननंतर इंजिन का उघडतात? ताकद हेडमध्ये (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग) असते आणि मी आधी क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा) घ्यायला सांगून लोकांचे पैसे पाण्यात घालतोय. त्यापेक्षा आहे त्याच इंजिनाला नायट्रस (जादा ऑक्सिजन देणारा नायट्रस ऑक्साइड वायू) लावला की अर्ध्या पैशात काम. तुम्ही चाकणला इंजिन टेस्टिंगमध्ये आहात, म्हणून उत्तरही जरा लांबतंय.

2जेझेडबद्दल वाद नाही. पण तुमच्या टेस्ट बेडवर छोटं इंजिन का जिंकतं? पेट्रोल गाडी रस्त्यावर बहुतेक वेळ अर्धवट थ्रॉटलवर चालते. मोठं इंजिन तेव्हा अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यातच इंधन घालवतं. छोटं इंजिन अधिक टर्बो हा त्यावरचा उतारा. ड्रॅग रेसच्या पाव मैलात, म्हणजे 402 मीटरमध्ये, थ्रॉटल सताड उघडा असतो. तिथे हा तोटाच नाही. आणि माझा लेख होता अमेरिकेत शनिवार-रविवारी ब्रॅकेट रेसिंग (आपली वेळ आधी सांगून धावायची हौशी ड्रॅग रेस) करणाऱ्या माणसासाठी, ज्याच्या गॅरेजमध्ये 454 आधीच पडून आहे. टर्बो, इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि ट्यूनिंग हा सगळा खर्च धरल्यावर तुमचं 3 लिटर त्याला स्वस्त पडत नाही.

आता आकडे बघा. 454 चा बोअर (सिलिंडरचा व्यास) 4.25 इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 4 इंच. बोअर 60 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवून 4.31 केला आणि 4.25 स्ट्रोकचा क्रँक टाकला की झालं 496. 454 जेवढी हवा 7,000 आरपीएमवर ओढतं तेवढी, किंबहुना थोडी जास्तच, हे 6,500 वर ओढतं. स्ट्रोक वाढूनही पिस्टनचा सरासरी वेग मिनिटाला 4,667 फुटांवरून 4,604 वर येतो. व्हॉल्व्ह ट्रेनवरचा (व्हॉल्व्ह उघड-मीट करणाऱ्या भागांवरचा) ताण तर आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे 500 आरपीएम उतरवले की तो साधारण 14 टक्क्यांनी कमी होतो. तीच ताकद कमी आरपीएमवर मिळवायची, एवढाच माझा मुद्दा होता. 496 करून परत 7,500 ला पिदाडणार असाल तर हा सगळा हिशोब बोंबलला.

टॉप फ्युएलचं उदाहरण मात्र तुमच्यावरच उलटतं. तिथे नियमाने कमाल 500 क्यूबिक इंच, म्हणजे आपल्या 496 एवढंच इंजिन. ताकद मात्र 11,000 हॉर्सपॉवरच्या घरात. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, टॉप फ्युएलच्या नायट्रोमिथेन या इंधनाला फक्त 1.7, कारण ते स्वतःचा ऑक्सिजन सोबत घेऊन येतं. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी पट इंधन ओतता येतं, वर सुपरचार्जर आहेच. क्यूबिक इंचामागे 22 हॉर्सपॉवर काढल्यावर कुठलं इंजिन टिकेल? प्रो स्टॉक या ड्रॅग रेसिंगच्या दुसऱ्या वर्गाचंही बघा. 1982 पासून तिथे 500 क्यूबिक इंचाची मर्यादा. आकार वाढवता येत नाही म्हटल्यावर सगळे आरपीएमच्या मागे लागले, इतके की 2016 मध्ये 10,500 आरपीएमवर लगाम घालावा लागला.

हेडचं तुमचं बरोबर आहे, ताकद तिथूनच येते. पण क्रम वेगळा. क्रँक ठरला की रॉड (क्रँक आणि पिस्टन जोडणारा) ठरतो, मग पिस्टन, आणि पिस्टनच्या डोमवर (माथ्यावरच्या उंचवट्यावर) हेडचा चेंबर किती सीसीचा हवा ते. शिवाय बऱ्याचशा 454 मध्ये रॉडचे बोल्ट 3/8 इंचीच, म्हणजे बारीक, असतात. चांगले हेड आधी चढवले की ताकद वरच्या आरपीएमला सरकते, पाय उचलवत नाही, आणि तो सगळा भार त्या बोल्टवर येतो.

दुसरं म्हणजे 4.25 चा क्रँक नुसता उचलून ठेवला आणि बसला असं होत नाही. फिरताना रॉडच्या बोल्टचं डोकं ब्लॉकच्या खालच्या कडेला, ऑइल पॅन बसतो तिथे, घासतं. रिकाम्या ब्लॉकमध्ये रॉड-पिस्टन बसवायचा, क्रँक हाताने सावकाश फिरवायचा आणि फटीतून 60 थाऊची तार जाते का बघायचं. अडली की खूण करायची, सगळं काढायचं, डाय ग्राइंडरने खाच पाडायची, परत बसवून बघायचं. असं आठही सिलिंडरला. हात आखडता ठेवावा लागतो, कारण पलीकडे वॉटर जॅकेट (थंड करणाऱ्या पाण्याची पोकळी) आहे. भोक पडलं की ब्लॉक भंगारात. मग ब्लॉक धुऊन काढायचा, लोखंडाचा कीस राहिला तर बेअरिंग गेलीच. हे काम हेड चढवून, इंजिन गाडीत बसवून झाल्यावर कसं करणार?

राहिला नायट्रस. माझा विरोध नाही. त्यात वजनाने 36 टक्के ऑक्सिजन असतो, हवेत 23. फुकटची हवाच ती. पण 4.31 बोअरला पिस्टनच्या वरच्या रिंगची गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) एरवी 19 थाऊच्या आसपास ठेवतात, नायट्रसवर ती 30 पर्यंत न्यावी लागते. नाही नेली तर तापलेल्या रिंगची टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरमध्ये आवळते आणि पिस्टनचा वरचा काठ तुटून येतो. रिंगा घासायच्या म्हणजे पिस्टन बाहेर काढणं आलं. बाटली बांधली की झालं, असं नाही. इंजिन खोलायचंच असेल तर त्याच खेपेला क्रँक का नको?

शेवटी तुम्ही विचारलंत, मागच्या ॲक्सलचा रेशो तोच ठेवायचा का. नाही. फिनिश लाइन 7,000 ऐवजी 6,500 वर ओलांडायची असेल, टायर आणि वेग तेच असतील, तर 4.56 चा साधारण 4.23 येतो. बाजारात 4.30 मिळतो, तो घाला. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरचा स्टॉलही (गाडी उभी धरून इंजिन जास्तीत जास्त जितक्या आरपीएमला जातं तो आकडा) थोडा खाली आणावा लागेल, पण तो कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कोणती आहे ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही. कॅमसोबत आलेलं माहितीचं कार्ड असेल तर त्यावरचे आकडे इथेच खाली लिहा.