जेरी राइस 'स्लो' होता म्हणे! त्या फॉरवर्डबद्दल थोडं

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मोठ्या काकांनी तो फॉरवर्ड टाकला, तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेलच. अमेरिकन फुटबॉलमधला जेरी राइस, गवंड्याचा पोरगा, अंगात टॅलेंट शून्य, पळायला स्लो, एकाही टीमला नको होता, पण नुसत्या मेहनतीवर जगातला नंबर वन वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन पास झेलणारा खेळाडू, झाला, आयुष्यात कधी बॉल सोडला नाही, गुडघा फाटला तरी साडेतीन महिन्यात परत मैदानात, आणि रिटायर होताना टीमने एका दिवसाचे १९ लाख डॉलर दिले. खाली हात जोडलेले इमोजी आणि "मुलांना नक्की वाचायला द्या". मी सांता क्लारात राहतो, इथे फॉर्टीनायनर्सची, म्हणजे राइसच्याच जुन्या टीमची, मॅच असली की रविवारी रस्ते भरतात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. काका, राग मानू नका, पण यातलं निम्मं अर्धवट आहे आणि उरलेलं चूक.

आधी जे खरं आहे ते. वडील खरंच गवंडी होते. मिसिसिपीतलं क्रॉफर्ड नावाचं छोटंसं गाव, उन्हाळ्याच्या सुट्टीत भावंडं वडिलांच्या हाताखाली राबायची, जेरी परांचीवर उभा आणि खालून भाऊ विटा फेकणार, हा झेलणार. हे तो स्वतः सांगतो. पण फॉरवर्डवाल्याने त्यावरून थेट "विटा झेलूनच महान झाला" असं करून टाकलंय. अरे, विटा तर त्याचे भाऊही हाताळत होते, ते का नाही झाले मग?

आता "टॅलेंट शून्य, स्लो" हा मुद्दा, माझं खरं भांडण इथेच आहे. हे आलं कुठून, तर तिकडे ड्राफ्टच्या, म्हणजे टीम आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात त्याच्या, आधी पोरांना ४० यार्ड, म्हणजे साधारण ३७ मीटर, सरळ रेषेत पळवतात आणि वेळ लावतात. राइसची वेळ कोणी ४.६ सांगतं कोणी ४.७ सेकंद, आणि वेगवान रिसीव्हर ४.४ च्या आसपास पळतात. बस, या पाव सेकंदावर चाळीस वर्षं "स्लो" चा शिक्का. पण मॅचमध्ये सरळ रेषेत पळायचंच कुठे असतं? रिसीव्हरने समोरच्या डिफेंडरला चकवत ठरलेल्या रूटने पळायचं, अचानक वळायचं, आणि क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल तिथे पोचायच्या क्षणी आपण तिथे असायचं. बहुतेक जण वळताना ब्रेक लावतात, राइस जवळजवळ त्याच स्पीडने वळायचा, त्यामुळे डिफेंडरला कळेपर्यंत हा दोन पावलं पुढे. छोटासा तिरका पास झेलून हा जो सुटायचा ना, मागून कोणी धरलाय असं फार क्वचित दिसेल, जुने व्हिडिओ काढून बघा. स्लो माणसाला हे जमतं होय?

आणि गंमत म्हणजे तो फुटबॉलमध्ये आलाच पळण्यामुळे. हायस्कूलला वर्ग बुडवून फिरत होता, प्रिन्सिपलने मागून येऊन दचकवलं, आणि पठ्ठ्या असा काही धूम पळाला की प्रिन्सिपलने आधी शिक्षा दिली आणि मग कोचला जाऊन सांगितलं, या पोराला घे. म्हणजे टॅलेंट सगळ्यात आधी दिसलं ते शिक्षा करणाऱ्या माणसाला!

"एकाही टीमला नको होता". हे अर्धसत्य. मोठ्या कॉलेजांनी दुर्लक्ष केलं हे बरोबर, तो गेला मिसिसिपी व्हॅली स्टेटला, इट्टा बीना नावाच्या गावातलं कृष्णवर्णीयांचं छोटं कॉलेज. तिथले कोच आर्ची कूली यांनी बॉल सतत हवेतच ठेवायचा असा धडाका लावला, क्वार्टरबॅक विली टॉटन फेकतोय आणि राइस झेलतोय, १९८४ च्या एका सीझनमध्ये राइसचे २७ टचडाउन, म्हणजे बॉल पार समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेलेला. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचं जे हाइजमन बक्षीस असतं त्याच्या मतदानात तो नववा आला, एवढ्याशा कॉलेजातून. आज तिथल्या स्टेडियमला या दोघांचंच नाव आहे. १९८४ लाच फॉर्टीनायनर्सचे कोच बिल वॉल्श मॅचच्या आदल्या रात्री ह्यूस्टनच्या हॉटेलात टीव्ही बघत बसले होते, त्यात या पोराचा खेळ दिसला आणि डोक्यात पक्का बसला. १९८५ च्या ड्राफ्टमध्ये चॅम्पियन म्हणून त्यांचा नंबर पहिल्या फेरीत शेवटचा, २८वा. तोवर राइस उरणार नाही या धास्तीने त्यांनी पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतला आपला चान्स न्यू इंग्लंडच्या टीमला देऊन, वर तिसऱ्या फेरीची अदलाबदल करून, १६वा नंबर विकत घेतला म्हणा ना. त्याच्या आधी फक्त दोन रिसीव्हर उचलले गेले, अल टून आणि एडी ब्राउन. नको असलेल्या पोरासाठी कोणी एवढं मोजतं का?

"कधी बॉल सोडला नाही" वाचून तर मला हसूच आलं. पहिल्याच सीझनला सोपे सोपे पास हातातून सुटत होते, कॅंडलस्टिक स्टेडियमवर घरच्याच पब्लिकने हुर्यो उडवली. मग डिसेंबरात रॅम्सविरुद्ध सोमवारच्या रात्रीच्या मॅचला १० कॅच आणि त्यांवर २४१ यार्डची मजल, तेव्हा कुठे लोक गप्प झाले. पुढच्या सीझनला प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध बॉल झेलून एकटा सुटला, आजूबाजूला कोणी नाही, टचडाउन नक्की, आणि बॉल हातातून आपोआप निसटला! मॅच ४९-३ ने हरले. मला विचाराल तर हेच मुलांना सांगायला पाहिजे, कारण त्याच्या पुढच्या सीझनला त्याने फक्त १२ मॅचमध्ये २२ टचडाउन झेलले, पण फॉरवर्डमध्ये नेमकं हेच गायब.

जाता जाता, हातांच्या जादूबद्दल अजून एक. २०१५ मध्ये त्याचं बोलणं बाहेर आलं की ग्लोव्हजवर तो चिकट स्प्रे मारायचा, आणि असल्या चिकट गोष्टींवर १९८१ पासूनच बंदी होती. तो म्हणाला तेव्हा सगळेच करायचे. असेलही, पण देवमाणूस करून टाकू नका एवढंच.

मेहनत खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये हां. सॅन कार्लोसच्या एजवुड पार्कमधली ती चार किलोमीटरची चढण तो ऑफ सीझनला पळत चढायचा, मी एकदा नुसता चालत गेलो तर अर्ध्यात दगडावर बसलो. पण टॅलेंट नसताना ती चढण शंभर वेळा चढून मी राइस होणार नाही, पायाचं ऑपरेशन तेवढं होईल.

त्या गुडघ्याचं पण बघा. आधीच्या १२ सीझनमध्ये दुखापतीमुळे एकही मॅच चुकवली नव्हती. १९९७ ला पहिल्याच मॅचला टॅम्पाच्या वॉरन सॅपने हेल्मेटच्या जाळीला धरून खाली खेचलं, डाव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले. १५ डिसेंबरला हा परत आला, टचडाउनही झेलला, इथपर्यंत फॉरवर्ड बरोबर. पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीये! तोच टचडाउन झेलून पडताना त्याच गुडघ्याची वाटी तडकली आणि सीझन संपला. म्हणजे "जिद्दीपुढे शरीर झुकतं" याचं उदाहरण म्हणून नेमकी उलटी गोष्ट निवडलीये. त्याला खरा रिझल्ट मिळाला तो नंतर नीट बरं होऊन, २००२ ला वयाच्या चाळिशीत, तेव्हा तो ओकलंड रेडर्सकडे होता, ९२ कॅच आणि १,२११ यार्ड.

कोणीतरी ग्रुपवर खाली लिहिलं होतं की फॉर्टीनायनर्सचा क्वार्टरबॅक जो मोंटाना होता म्हणून राइस झाला. मोंटानाने त्याला ५५ टचडाउन पास दिले, त्याच्यानंतरचा क्वार्टरबॅक स्टीव्ह यंगने ८५, आणि चाळिशीतले ते ९२ कॅच असताना फेकणारा रिच गॅनन होता. झेललेल्या पासवर राइसचे एकूण २२,८९५ यार्ड, दुसऱ्या नंबरवरचा लॅरी फिट्झगेराल्ड १७,४९२ वर थांबला. आता म्हणा मोंटाना.

राहिले ते १९ लाख. २००६ मध्ये फॉर्टीनायनर्सने त्याला एका दिवसासाठी परत सही करायला बोलावलं ते त्यांच्याच टीमचा खेळाडू म्हणून रिटायर व्हावा यासाठी, आणि कागदावर आकडा टाकला १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट. पैसे कोणी दिले नाहीत, तो आकडा गमतीने जुळवलेला होता. १९८५ ला टीममध्ये आला, जर्सी ८०, रिटायर ०६, आणि शेवटचे ४९ सेंट कशाचे ते काका तुम्हीच ओळखा.