गोळी लागली म्हणजे बाद नव्हे

मागच्या महिन्यात ऑफिसच्या मंडळींसोबत लोणावळ्याजवळ पेंटबॉल, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या झाडून एकमेकांना बाद करण्याचा खेळ, खेळलो. एक गोळी माझ्या मांडीवर सणसणीत बसली, पण न फुटताच गवतात पडली. पँटवर रंगाचा थेंबही नव्हता, तरी "लागली ना? मग आऊट!" एवढेच म्हणून पंचाने मला बाहेर काढले. वळ मात्र आठवडाभर राहिला.

माझ्या मते हा निर्णय साफ चुकीचा होता. गोळी खेळाडूच्या अंगावर फुटली पाहिजे आणि साधारण नाण्याएवढा सलग ठिपका उमटला पाहिजे, तरच तो बाद, असा या खेळाचा सर्वमान्य नियम आहे. शेजारच्या पिंपावर फुटून उडालेले शिंतोडे धरत नाहीत; मास्कवरचा आणि बहुतेक ठिकाणी हातातल्या मार्करवरचा (गोळ्या झाडायच्या बंदुकीवरचा) ठिपका मात्र धरतात. हे मार्कर मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनले होते. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात बारा जणांनी जंगलात पहिला सामना खेळला, तोही त्याच अवजारांनी. (त्यात जिंकलेल्या गड्याने एकही गोळी झाडली नव्हती, हे आमच्या ऑफिसातल्या शूरवीरांना सांगून काही उपयोग नाही.) किती दुखले हे अंतरावर आणि कपड्यांच्या जाडीवर ठरते; ठिपका मात्र सगळ्यांना सारखाच दिसतो.

खरी अडचण पाठीवरच्या गोळीची आहे, कारण ती फुटली की नाही हे ज्याला लागली त्यालाच दिसत नाही. अशा वेळी 'पेंट चेक' मागायचा, पंचाने जवळ येऊन पाहायचे आणि ठिपका असेल तर हात वर करून निमूट बाहेर पडायचे. पंच येण्याआधीच रंग पुसून टाकणे हा या खेळातला सर्वांत हलका प्रकार मानतात, आणि स्पर्धांमध्ये त्यापायी संघातल्या दुसऱ्या गड्यालाही बाहेर बसवण्याची शिक्षा होत आली आहे. मला ती मुळीच कठोर वाटत नाही.

आमच्या त्या सामन्यात शेवटपर्यंत टिकलेल्या सहकाऱ्याला चषक मिळाला. ग्रुप फोटोत त्याने तो दोन्ही हातांनी उंच धरला आहे, आणि उजव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत केशरी रंगाचा फराटा स्पष्ट दिसतो.