भाराखाली व्होल्टेज उतरणे हा मदरबोर्डचा दोष नव्हे

प्रोसेसरवर भार येताच त्याचे व्होल्टेज उतरत असेल तर मदरबोर्ड सदोष समजावा, असा संदेश सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. ही घट रेग्युलेटरमध्ये, म्हणजे प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणाऱ्या मदरबोर्डवरील सर्किटमध्ये, मुद्दाम ठेवलेली असते. लोडलाइन, म्हणजे दर अँपिअरमागे व्होल्टेज किती उतरावे याचे ठरवलेले प्रमाण, ०.८ मिलिओहम असेल आणि प्रोसेसर १०० अँपिअर प्रवाह घेत असेल, तर १.३० व्होल्टचे १.२२ व्होल्ट होणारच. भार अचानक सुटतो तेव्हा रेग्युलेटरच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा कपॅसिटरमध्ये जाऊन व्होल्टेज क्षणभर उसळते, आणि पातळी आधीच खाली असल्यामुळे ती उसळी मर्यादेत राहते. बायोसमधील लोडलाइन कॅलिब्रेशन (ही घट कमी करणारी सेटिंग) कमाल ठेवण्याचा त्याच संदेशातील सल्ला तर घातकच म्हणावा लागेल, कारण त्याने घट नाहीशी झाली तरी उसळी ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जाते, आणि सॉफ्टवेअरच्या संथ नोंदींत ती सहसा दिसतही नाही.