‘चापडा चावून कोण मेलंय?’ म्हणणाऱ्या निपाणीच्या वाचकांना

नमस्कार. चापडा हा झाडाझुडपात राहणारा विषारी साप. त्याच्या विषातली विकरं (एन्झाइम) कशी मोजतात, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘चापडा चावून कोण मेलंय? मग एसीत बसून विकरं मोजून काय उपयोग? विकर जास्त म्हणजे विष जास्त असं नसतं, मोजायचं तर एलडी-५० (विष किती मारक आहे याचं माप) मोजा.’ शिवाय ‘चार पुस्तकं वाचून साप कळत नसतो’ हा आहेर.

आधी एसीचं बघू. मी बेळगावजवळच्या जंगलपट्ट्यातल्या जांबोटीत वाढलो. कणकुंबीकडं पावसाळ्यात झुडपात हात घालण्याआधी फांदी काठीनं हलवून बघायची, हे आम्हाला अक्षरओळख व्हायच्या आधी शिकवलेलं असतं. माझ्या काकांना काजूच्या बागेत गवत कापताना चापडा चावला. हात कोपराच्या वर सुजला, कातडीवर रक्ताळलेले फोड आले, त्या हंगामात कोयता काही धरता आला नाही. मेले नाहीत. म्हणजे तुमच्या हिशोबात ते धरायचेच नाहीत, असंच ना?

आता ‘काय उपयोग’. आपल्याकडं मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनते. चापडा त्यात नाही. केरळात चापड्याच्याच कुळातल्या हंप-नोज्ड पिट वायपरच्या दंशानं रक्त न साकळल्याच्या, मूत्रपिंड निकामी झाल्याच्या आणि माणसं दगावल्याच्याही नोंदी आहेत. तिथं ही लस उपयोगी पडत नाही. अशा वेळी विषातलं नेमकं कोण काय करतं, हे कळल्याशिवाय पुढं जायचं कसं?

ते कसं कळतं, हे लेखात होतं. तुम्ही बहुतेक शीर्षकावरच थांबलात, म्हणून परत सांगतो. अझोकेसीन म्हणजे दुधातल्या प्रथिनाला नारिंगी रंग जोडलेला. त्यात विष घालून ठेवलं की विकरं प्रथिनाचे तुकडे करतात. मग ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घातलं की अख्खं प्रथिन तळाशी बसतं आणि तुकड्यांचा रंग वरच्या द्रवात राहतो. तो स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचा. नुसत्या त्या आकड्याला फार अर्थ नाही, हे मलाही कळतं.

खरी गंमत पुढच्या दोन नळ्यांत आहे. एकीत विष आधी ईडीटीए या रसायनाबरोबर ठेवायचं. ते जस्त ओढून घेतं आणि जस्तावर चालणारी विकरं, म्हणजे मेटॅलोप्रोटिएज, थंड पडतात. दुसरीत पीएमएसएफ हे रसायन, त्यानं सेरीन प्रोटिएज हा विकरांचा दुसरा गट बंद होतो. कुठल्या नळीत रंग किती कमी झाला, त्यावरून कोणाचा वाटा किती ते समजतं. मेटॅलोप्रोटिएज बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरतात. काकांच्या हातावरचे ते फोड कुठून आले, याचं उत्तर मला एसीतल्या याच नळीत मिळालं, पुस्तकात नाही.

तापमान ३७ अंश होतं आणि आकडे दर मिलिग्रॅम प्रथिनामागचे होते, हे लेखात लिहिलं असतं तर बरं झालं असतं. तेवढं मान्य.

एलडी-५० नं अर्धे उंदीर किती विषात मरतात ते कळतं, कशानं मरतात ते नाही. विकर जास्त म्हणजे विष जास्त असं मी कुठं म्हटलंय? विषातल्या फॉस्फोलायपेज या प्रथिनांपैकी काही, ज्यांच्या साखळीत ४९ व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असतं, ती विकराचं काम जवळजवळ करतच नाहीत आणि तरी स्नायू नासवतात, हे मलाही ठाऊक आहे. तो वेगळ्या लेखाचा विषय.

राहता राहिलं तुमचं ‘मी स्वतः चापड्याचं विष काढून दाखवतो’. त्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. तुमच्याकडं ती असेल तर आनंद आहे. नसेल तर हे वाक्य इथं सगळ्यांना दिसतंय, तुम्हाला अजून खोडता येईल.