तंतुकणिकांच्या नावानं आईला बोल लावू नका

परवा सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर शेजारच्या काकूंनी मोबाइल पुढे केला. "वाचा हो, तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना?" सध्या ग्रुपांवर फिरतोय तोच मेसेज: मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, म्हणून मधुमेह, कॅन्सर, फिट्स सगळं आईकडूनच येतं; २१ दिवस चूर्ण घ्या, गोळ्या बंद करा. काकूंच्या नातवाला फिट्स येतात. सून बाजूलाच वाकून बुटाची नाडी बांधत होती. बांधलेली सोडून पुन्हा बांधत होती. तिला विचारूनच हे लिहितेय.

"सगळं आईकडूनच." मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका. त्यांचा स्वतःचा डीएनए असतो आणि तो आईकडून येतो, इथवर खरं. पण त्यावर जनुकं अवघी ३७, त्यांतून प्रथिनं बनतात १३. तंतुकणिकेला लागतात हजाराच्या आसपास! उरलेली सगळी पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएवरून बनतात, आणि त्यात आईबाप दोघांचा वाटा असतो. लहान मुलांमधले तंतुकणिकांचे बरेच आजार या केंद्रकातल्या जनुकांमुळेच होतात. दोघांकडून एकेक सदोष प्रत येते आणि दोघंही स्वतः ठणठणीत असतात. तरुणपणी नजर घालवणारा लेबरचा आजार मात्र खरोखर आईकडून येतो. त्यामागचा डीएनएतला बदल १९८८ साली सापडला. पण तो तिलाही बहुधा तिच्या आईकडूनच आलेला असतो. यात तिचा काय अपराध? आणि फिट्सची कारणं तर कितीतरी असतात. तपासणीआधीच सुनेकडे बोट दाखवणं हा निव्वळ अन्याय आहे.

"मधुमेह, कॅन्सर." आईकडून येणारा, बहिरेपणासोबतचा मधुमेह आहे, पण तो क्वचित दिसतो. नेहमीच्या मधुमेहात दोन्ही घरची जनुकं, वजन, बैठं काम असं बरंच काही असतं. तंतुकणिका बिघडल्यानं कॅन्सर होतो हा समज १९२० च्या दशकातल्या जर्मन शास्त्रज्ञ वारबुर्ग यांच्या संशोधनातून आला. पुढे दिसलं की बहुतेक गाठींमध्ये तंतुकणिका चालू असतात.

"चूर्ण." स्नायूंमधल्या तंतुकणिका वाढतात त्या नियमित व्यायामानं. त्यासाठी हा ट्रॅक आहेच, फुकट.

"गोळ्या बंद करा." हे सगळ्यात घातक. फिट्सची गोळी एकदम थांबवली तर झटका थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते, त्यात जीवही जातो. काकूंना आधी मी हेच विचारलं, "गोळी चालू आहे ना?"

नाडी सोडून सून सरळ उभी राहिली. "हो ताई. आज सहालाच दिली."