तुम्ही घार पाहिलीय का कधी?

रविवारी एका माणसाने माझ्या घारीपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाहीये.

इंग्लंडात नॉर्फोकमधे पाणथळीच्या कडेला पक्षी बघायला लाकडी खोपट्या असतात, त्यांना हाइड म्हणतात, आत बाकडी, समोर आडव्या फटी, आणि कोपऱ्यात एक वही जिला सुतळीने पेन्सिल बांधलेली. कोणाला काय दिसलं ते त्यात लिहायचं. मी लिहिलं, 'ब्लॅक काइट, १, उत्तरेकडे गेली, ११.४०'. शेजारच्या गृहस्थांनी वही ओढून ती ओळ वाचली, पेन्सिल घेतली आणि माझ्या डोळ्यांदेखत पुढे प्रश्नचिन्ह काढलं. बारीकसं नाही, दोनदा गिरवून. (कुठलं अभयारण्य ते सांगत नाही, मला परत जायचंय तिथे.)

आता ब्लॅक काइट म्हणजे आपली घार. साधी घार हो, मटणाच्या दुकानावर घिरट्या घालते ती. स्पेन-फ्रान्समधे पण ढिगाने आहेत, पण इंग्लंडात फार थोड्या पोचतात, बहुतेक एप्रिल-मेमधे दक्षिणेचं गरम वारं सुटलं की, आणि मग लोक स्कोप, म्हणजे मोठ्या दुर्बिणी, घेऊन गाड्या काढतात. घारीसाठी! बायकोला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग आपल्या पुण्याच्या सोसायटीतल्या टाकीखाली तिकीट लाव, बस हातात पावतीपुस्तक घेऊन."

तसं मी घारीसाठी गेलोच नव्हतो, मी गेलो होतो बिटर्नसाठी, बगळ्याच्या जातकुळीतला तपकिरी पक्षी. नॉर्फोकमधे शोधायला पुष्कळ आहे. बिटर्न बोरूच्या बनात असा काही उभा राहतो की समोर असून दिसत नाही, नुसता घुमतो, तो आवाज मैल-दोन मैल सहज जातो आणि मोजदाद पण त्या आवाजावरूनच करतात, १९९७ साली अख्ख्या ब्रिटनमधे घुमणारे नर फक्त ११ उरले होते म्हणे. क्रौंच शतकानुशतकं गायब होते ते १९७९ मधे हॉर्सीच्या बाजूला आपले आपण येऊन उतरले आणि राहिले. चमचे, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे पक्षी, २०१० पासून हॉल्कमला घरटी करतायत, त्यांच्यासाठी लोक लांबलांबून येतात, आणि भिगवणचा होडीवाला तोच चमचा दिसला की "हे काय, चमचे, पुढे बघू फ्लेमिंगो" म्हणून होडी वळवतो. जिथे जे स्वस्त तिथे त्याला किंमत नाही, चालायचंच.

तर ते प्रश्नचिन्हवाले आजोबा. सत्तरीचे असावेत, हिरवं जाकीट, त्याला सतरा खिसे, मधलं बाकडं पूर्ण त्यांचं, एका बाजूला स्कोप, दुसऱ्या बाजूला थर्मास, मधे सँडविचचा डबा. हाइडमधे कुजबुजत बोलायचं असतं, ते कुजबुजतच होते पण ती कुजबुज पलीकडच्या बदकांनाही ऐकू जात असणार. घार आली तेव्हा ते खाली मान घालून चहा ओतत होते. मी "अरे घार!" असं चक्क मराठीत ओरडलो, मग इंग्लिशमधे. त्यांनी आधी झाकण लावलं. नीट फिरवून लावलं. मग वर बघितलं तेव्हा घार झाडांमागे चालली होती.

"मार्श हॅरियर," ते म्हणाले. "मादी." (हाही शिकारी पक्षी, पाणथळीवरचा.)

"नाही, काइट होती."

"इथे हॅरियर असतात. नवख्यांना काइट वाटते."

मी म्हटलं पंख सपाट होते, हॅरियर तरंगताना पंख वर उचलून धरते, शेपटीला खाच होती, शेपटी सुकाणूसारखी वळत होती, आणि मादी हॅरियरचं डोकं फिकं क्रीम असतं, हिचं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचा घोट घेतला. आणि अत्यंत सभ्यपणे, डॉक्टर विचारतात त्या आवाजात विचारलं,

"तुम्ही ब्लॅक काइट पाहिलीय का कधी?"

मला काही क्षण काही सुचेच ना. म्हणजे उत्तर कुठून सुरू करायचं?

"रोज," मी म्हटलं.

"रोज?"

"पुण्यात. इंडिया."

"आह, इंडिया!" चेहरा एकदम उजळला. ते गेले होते ना, ऐंशीच्या दशकात, भरतपूरला, सायबेरियन क्रौंच यायचे तेव्हा. मग सायकलरिक्षा, मग रिक्षावाल्याला पक्ष्यांची शास्त्रीय नावं कशी पाठ होती ते, मग त्यांचं पोट बिघडलं ते, कशाने बिघडलं ते, किती बिघडलं ते. आता तिथे सायबेरियन क्रौंच येत नाहीत हेही त्यांनी मलाच सांगितलं, आणि अशा नजरेने की जणू मीच ते पळवले. मी म्हटलं मग घारी पाहिल्या असतील की तुम्ही तिथे. "हो हो, हॉटेलवर सतत. मोजल्या नाहीत."

"का?"

"त्या ब्रिटनच्या लिस्टमधे धरत नाहीत."

म्हणजे हिशोब बघा. त्यांनी हजारो घारी बघितल्या त्या धरायच्या नाहीत, मी जन्मभर बघितल्या त्याही धरायच्या नाहीत, पण चाळीस वर्षांत ब्रिटनमधे त्यांनी दोन पाहिल्या म्हणून ते अनुभवी आणि मी नवखा. वर म्हणतात, "शिवाय तुमची ती वेगळी उपजात. गव्हिन्डा." गोविंदा! कर्नल साइक्सने १८३२ मधे आमच्या दख्खनच्या घारीला दिलेलं नाव, आणि ते मला ऐकवतायत.

मग हॅरियरचं कौतुक. १९७१ साली ब्रिटनभरात हॅरियरची एकच जोडी उरली होती, शेजारच्या सफोकमधे, तुम्हाला कल्पना नाही आम्ही काय दिवस काढलेत. बरं, मान्य, पण म्हणून आता आकाशात तपकिरी दिसेल ते सगळं हॅरियर का? हे मी मनात म्हटलं. तोंडाने "हाउ वंडरफुल" म्हणालो. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, इथे राहून ही सवय लागलीय.

तेवढ्यात एक तरुण पोरगा आत आला, वही चाळली आणि चमकला. "ब्लॅक काइट? कुठे? कोणी पाहिली?" मी तोंड उघडलं तोवर आजोबा म्हणाले, "हॅरियर असावी." पोरगा "ओह, ओके" म्हणाला आणि बसला. मी तिथेच होतो, फूटभर अंतरावर, गळ्यात दुर्बीण, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही.

आता तुम्ही म्हणाल त्यांची पद्धतच कडक आहे. आहे, कारणही आहे. हेस्टिंग्ज गावाभोवती १८९२ ते १९३० या काळात इतके दुर्मिळ पक्षी 'सापडले' की शेवटी १९६२ मधे लोकांनी हिशोब मांडला आणि शेकडो नोंदी रद्द केल्या, परदेशातून मेलेले पक्षी आणून इथले म्हणून विकल्याचा संशय. ठीक. पण कर्नल माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाचं काय? आपला रानपिंगळा, खानदेशातला, १८८४ नंतर कोणाला दिसला नव्हता. या गृहस्थांनी म्युझियममधला जुना रानपिंगळा लांबवला, पुन्हा भरला, आणि १९१४ मधे गुजरातेत मांडवीला मारला असं लेबल लावलं. त्या लेबलापुढे कितीतरी दशकं कोणी प्रश्नचिन्ह काढलं नाही, कर्नल होते ना! पुढे अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही चोरी उघडकीला आणली, ते गुजरातचं लेबल बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागा गाठल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मधे शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, पिंगळा समोर बसलेला. म्हणजे ११३ वर्षांनी. कर्नलची चोरी चालते, माझी घार चालत नाही.

घरी येऊन मी काउंटीच्या दुर्मिळ पक्ष्यांचा फॉर्म उतरवून घेतला. बायको म्हणाली, "तू एका घारीसाठी सरकारी कागद भरणार?" सरकारी नाहीये गं, म्हटलं, पण भरणार. वारं, प्रकाश, अंतर, सगळं लिहिलं. मग 'या जातीचा पूर्वानुभव' असा रकाना आला, दोन ओळींचा. मी पाठीमागच्या कोऱ्या पानावर गेलो आणि चौथीच्या मधल्या सुट्टीपासून सुरुवात केली, हातातली ऑम्लेट-पोळी कशी नेली, नख कुठे लागलं, व्रण अजून आहे, हवा असल्यास फोटो पाठवतो.

शेवटचा रकाना, 'हजर असलेल्यांपैकी कोणी असहमत होतं का?' तिथे लिहिलं, होय, एक. नाव माहीत नाही. हिरवं जाकीट. पक्षी दिसला तेव्हा थर्मासचं झाकण लावत होते.